आधी तुझं उत्तर, मग चॅटबॉट

«ताई, मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय इतिहास. परीक्षा सहा आठवड्यांवर आली आहे. तीन तासांचे पेपर, सगळे प्रश्न दीर्घोत्तरी. वर्षभर मी चॅटबॉटच्या मदतीने अभ्यास केला. प्रत्येक प्रकरणाच्या नोट्स त्याच्याकडून काढून घेतल्या, अडलं की त्यालाच विचारलं. तो इतकं सोपं करून सांगतो की वाचताना सगळं समजतं. पण गेल्या आठवड्यात सराव पेपर सोडवायला बसले आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या आर्थिक कारणांवरचं उत्तर दीड पानात संपलं. नोट्समध्ये सगळं होतं, मी ते अनेकदा वाचलं होतं, कोणत्या पानावर आहे तेही डोळ्यांसमोर येत होतं. मजकूर मात्र आठवेना. मैत्रीण म्हणते, हे सगळं बंद कर आणि पुस्तक घेऊन बस. मलाही वाटतं की मी माझं डोकं आळशी करून घेतलं. खरंच बंद करू का? की त्याचा काही वेगळा वापर करता येईल? आणि असा अभ्यास करणं ही एक प्रकारची लबाडीच आहे का?»

बंद करू नकोस. तुझं डोकं आळशी झालेलं नाही आणि वर्षभराचं वाचन वायाही गेलेलं नाही. परीक्षेत जे काम करायचं असतं, त्याचा सराव तेवढा राहून गेला आहे. पेपरला बसल्यावर समोर कोरी उत्तरपत्रिका असते. कोणते मुद्दे घ्यायचे, कोणत्या क्रमाने मांडायचे, कशाचा दाखला द्यायचा, सगळं आठवून काढावं लागतं. तू वर्षभर वाचत होतीस तेव्हा मजकूर समोर होता आणि तू तो ओळखत होतीस. ओळखणं वेगळं, आठवणं वेगळं. पहिल्याचा कितीही सराव केला तरी दुसरं आपोआप जमत नाही. पान डोळ्यांसमोर येतं पण मजकूर येत नाही, असं तू लिहिलंस, त्यातच सगळं निदान आलं.

यावर चांगलं संशोधन झालेलं आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं आणि लिहून काढणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. आपल्या लक्षात चांगलं राहील असा विश्वास वाचणाऱ्या गटालाच जास्त होता. म्हणजे वाचताना येणारी «समजलं» ही भावना भरवशाची नाही. तुझी जी फसगत झाली, ती प्रयोगशाळेत हुशार मुलांचीही होते.

चॅटबॉटमुळे ही भावना आणखी पक्की होते. पुस्तकातलं वाक्य निदान अडवतं, पुन्हा वाचायला लावतं. चॅटबॉटचं उत्तर तुझ्या प्रश्नाच्या बेताने घडवलेलं असतं, त्यात कुठे अडखळायला होत नाही आणि जे कष्ट तू घ्यायचे ते त्याने आधीच घेतलेले असतात. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत जवळजवळ एक हजार विद्यार्थ्यांवर गणिताच्या अभ्यासाचा प्रयोग झाला आणि तो २०२५ मध्ये शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झाला. साधा चॅटबॉट मिळालेल्या मुलांनी सरावाची गणितं ४८ टक्के जास्त चांगली सोडवली. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्के मागे पडली. तिसऱ्या एका गटाचा चॅटबॉट उत्तर न सांगता फक्त इशारे देईल असा बांधलेला होता. त्या गटाचं असं नुकसान बहुतांशी टळलं. तो अभ्यास गणिताचा होता, दीर्घोत्तरी इतिहासाचा नव्हे, त्यामुळे आकडे जसेच्या तसे तुझ्यावर लावू नकोस. पण तुझ्या मैत्रिणीला देण्याचं उत्तर त्यात आहे. साधन तेच असतं. उत्तर आधी कोण देतं, यावर सगळं अवलंबून आहे.

म्हणून इथून पुढे एकच नियम पाळ: आधी तू लिहायचं, मग त्याला विचारायचं.

प्रकरण पाठ्यपुस्तकातून वाच, चॅटबॉटच्या नोट्समधून नाही. पुस्तक मिट. कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिही, तुटक असलं तरी चालेल. पाच-सात मिनिटांनी काही सुचेनासं होतं. तिथे लगेच पुस्तक उघडू नकोस, आणखी थोडा वेळ ताण दे. अडकून बसलेल्या त्या मिनिटांतच खरा अभ्यास होत असतो, आणि वर्षभर चॅटबॉटने नेमकी तीच मिनिटं तुला अनुभवू दिली नाहीत. मग प्रकरणाची पानं आणि तुझं उत्तर त्याला दे आणि साधारण असं सांग:

«हे मी पुस्तक न बघता लिहिलेलं उत्तर आहे, सोबत प्रकरण जोडलं आहे. माझं उत्तर सुधारून किंवा नव्याने लिहून देऊ नकोस. फक्त तीन गोष्टी सांग. प्रकरणातले कोणते महत्त्वाचे मुद्दे सुटले, माझं कोणतं विधान चुकीचं आहे आणि कोणत्या विधानाला मी पुरावा दिलेला नाही.»

«लिहून देऊ नकोस» हे शब्द गाळू नकोस. ते नसले तर तो हमखास आदर्श उत्तर लिहून देतो, आणि तू ते वाचून पुन्हा समाधानी होतेस.

तुझाच प्रश्न घेऊ. समज तू लिहिलंस, «खजिना रिकामा झाला होता, राजा उधळा होता, जनतेवर कराचा बोजा होता.» विधानं अगदी चुकीची नाहीत, पण त्यांवर मार्क मिळत नाहीत. खजिना कशामुळे रिकामा झाला? अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात केलेली मदत आणि आधीच्या युद्धांची देणी यांमुळे कर्ज इतकं वाढलं की १७८८ मध्ये सरकारी खर्चाचा जवळपास निम्मा भाग कर्जफेडीत आणि व्याजात जात होता. त्या मानाने दरबारावरचा खर्च बराच लहान होता, म्हणजे तुझं उधळ्या राजाचं कारण लोकप्रिय असलं तरी कमकुवत आहे. करांचा बोजा कोणावर होता? सरदार आणि धर्मगुरू मुख्य प्रत्यक्ष करातून सुटलेले होते. १७८६ मध्ये अर्थमंत्री कालोन याने सर्वांना लागू होईल असा जमीनकर सुचवला, १७८७ मध्ये मान्यवरांच्या सभेने तो मान्य केला नाही, आणि शेवटी १६१४ नंतर पहिल्यांदाच इस्टेट्स जनरल, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि सामान्य जनता या तीन वर्गांच्या प्रतिनिधींची सभा, बोलवावी लागली. ती ५ मे १७८९ रोजी भरली. मधल्या काळात १७८८ चं पीक बुडालं आणि पावाचे भाव चढले. आता बघ, तीन सुटी विधानं होती, त्यांची एकातून एक निघणारी साखळी झाली. चॅटबॉटला विचारायचं ते हेच, की माझ्या साखळीत कुठली कडी नाही.

सुटलेले मुद्दे दिसले की लगेच उत्तर पुन्हा लिहू नकोस. यादी समोर असताना लिहिलेलं उत्तर म्हणजे नक्कल. दुसऱ्या दिवशी, यादी न बघता, तोच प्रश्न नव्याने लिही.

चॅटबॉटचा दुसरा मोठा उपयोग तोंडी परीक्षेचा, आणि इथे तो मला खरोखर आवडतो, कारण न कंटाळता प्रश्न विचारत राहणारं माणूस घरी सहसा मिळत नाही. त्याला सांग: «या प्रकरणावर एका वेळी एकच प्रश्न विचार. मी उत्तर देईपर्यंत पुढे जाऊ नकोस. उत्तर अपुरं असेल तर आधी इशारा दे, दुसऱ्यांदाही चुकलं तरच उत्तर सांग.» सुरुवातीला तो सनावळीचे आणि व्याख्यांचे सोपे प्रश्न विचारेल. त्याला अडव आणि «का» व «कसं» विचारायला लाव, दोन प्रकरणांची तुलना करायला लाव. भूमिकाही बदलून बघ. तो शंकेखोर विद्यार्थी, तू शिक्षिका. «कर्ज तर इंग्लंडवरही होतं, मग तिथे क्रांती का झाली नाही?» असा प्रश्न आला आणि तू गप्प झालीस, तर पुढचा अर्धा तास कशावर घालवायचा हे ठरलं. २०२५ पासून चॅटजीपीटीत स्टडी मोड आणि जेमिनीत गाइडेड लर्निंग अशा सोयीही आल्या आहेत, त्या मुळातच उत्तर देण्याआधी प्रश्न विचारतात. वापरून बघ. पण कंटाळून «उत्तर सांगून टाक» म्हटलंस की तिथेही उत्तर मिळतं. तेव्हा हट्ट तुलाच धरावा लागेल.

मी बरीच वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगते. ज्यांना विषय येतो त्यांचेही मार्क बऱ्याचदा जातात, कारण ते प्रश्नाचं उत्तर लिहीत नाहीत, प्रकरण लिहितात. «कारणे सांगा» आणि «आर्थिक कारणांचे महत्त्व तपासा» या दोन प्रश्नांना एकच उत्तर चालत नाही. दुसऱ्यात तुला बाजू घ्यावी लागते, आर्थिक कारणं सामाजिक किंवा वैचारिक कारणांपेक्षा किती निर्णायक होती हे सांगावं लागतं, आणि ते पहिल्याच परिच्छेदात दिसावं लागतं. चॅटबॉटच्या नोट्स पाठ करून आलेल्या मुलांची उत्तरं वाचताना ही उणीव फार जाणवते. सगळे परिच्छेद सारख्या लांबीचे, भाषा गुळगुळीत, शेवटी सर्वसमावेशक समारोप, आणि मध्ये एकही ठाम विधान नाही. तुझं उत्तर असं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी आराखड्याचा सराव कर. पूर्ण उत्तर लिहायला अर्धा-पाऊण तास लागतो, आराखड्याला पाच मिनिटं पुरतात. घड्याळ लाव, प्रश्न वाच आणि सहा ओळी लिही: माझं म्हणणं काय, कोणते चार मुद्दे, प्रत्येकाला कोणता दाखला, विरोधी बाजूचं काय करणार. मग चॅटबॉटला विचार, «यातला कोणता मुद्दा या प्रश्नाचं उत्तर देत नाही?» तासाभरात असे आठ-नऊ प्रश्न होतात. जुन्या प्रश्नपत्रिका त्याला देऊन त्याच धर्तीचे नवे प्रश्नही काढून घे, म्हणजे सरावाला तोटा पडणार नाही. यंदा काय येईल हे मात्र त्याला विचारू नकोस. त्याला ते माहीत असण्याचा काही मार्गच नाही, आणि तो जी यादी देईल तिच्यावर विसंबून प्रकरणं सोडून देण्याचा मोह होतो.

मार्क द्यायला सांगू नकोस, निदान त्या आकड्यावर विश्वास ठेवू नकोस. तेच उत्तर दोनदा दिलं तर दोन वेगळे आकडे येऊ शकतात. शिवाय हे चॅटबॉट समोरच्याला बरं वाटेल असं बोलण्याकडे झुकतात. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीला आपल्या मॉडेलमधला, म्हणजे चॅटबॉटमागच्या प्रणालीतला, एक बदल मागे घ्यावा लागला होता, तो याच कारणाने, मॉडेल वाजवीपेक्षा जास्त हांजी हांजी करू लागलं म्हणून. यावर साधा उपाय आहे. नवी चॅट उघड, उत्तर स्वतःचं आहे हे सांगू नकोस, आणि «कसं आहे?» असं विचारण्याऐवजी तुला स्वतः पडताळता येईल असं काही विचार. पहिल्या परिच्छेदात प्रश्नाचं थेट उत्तर आहे का? कोणतं वाक्य काढून टाकलं तर काहीच बिघडणार नाही? तुमच्या परीक्षेची गुणदान योजना किंवा आदर्श उत्तरं उपलब्ध असतील तर तीही जोड. आणि शेवटची दोन-तीन पूर्ण उत्तरं खऱ्या शिक्षकांना दाखव. त्या विषयाचा परीक्षक काय बघतो हे त्यांना माहीत असतं, चॅटबॉटचा तो अंदाजच असतो.

चुकांबद्दल. भाषेची ही मॉडेल्स पुढचा संभाव्य शब्द काढत वाक्य घडवतात, त्यामुळे चुकीचं उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच आत्मविश्वासाने येतं. ४ ऑगस्ट १७८९ ला सरंजामी हक्क रद्द करण्याचा निर्णय झाला आणि २६ ऑगस्टला मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. अशा जवळजवळच्या तारखांत गल्लत झाली तर तुला कळणारही नाही. इतिहासकारांची मतं आणि अवतरणं तर पुस्तकात स्वतः पाहिल्याशिवाय उत्तरपत्रिकेत लिहूच नकोस, कारण कोणीच न म्हटलेली वाक्यं तो कोणाच्याही नावावर टाकू शकतो. मराठीतून विचारताना आणखी एक अडचण येते. पारिभाषिक शब्द तो कधी स्वतःच्या मनाने घडवतो, तुझ्या पुस्तकात वेगळाच शब्द असतो आणि परीक्षकाला पुस्तकातला शब्द अपेक्षित असतो. प्रकरण जोडून «यातलेच शब्द वापर» असं सांगितलं की हे बरंच आटोक्यात येतं.

हाताने लिहिण्याचा सराव सुटू देऊ नकोस. तीन तासांचा पेपर हाताने लिहायचा असेल तर आराखडे आणि उत्तरंही हातानेच लिही. वहीच्या पानाचा फोटो चॅटबॉटला देता येतो, पण देवनागरी हस्ताक्षर वाचताना तो चुकतो. म्हणून आधी वाचलेलं टाइप करून दाखवायला सांग आणि ते जुळतं का बघ, नाहीतर तू न केलेल्या चुका तो काढत बसेल.

सहा आठवडे पुरेसे आहेत. एक प्रकरण आठवडाभर दळत बसू नकोस. रोज दोन-तीन प्रकरणांना हात लाव आणि प्रत्येक प्रकरणाकडे दुसऱ्या दिवशी, मग चार-पाच दिवसांनी, मग दहा-बारा दिवसांनी परत ये. विसरण्याचा वेग सुरुवातीला जास्त असतो आणि पुढे मंदावतो, हे हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. त्यात सर्वांत उपयोगी ठरल्या त्या दोनच, स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये पसरून करणं. पुन्हा पुन्हा वाचणं आणि ओळी अधोरेखित करणं कमी उपयोगाच्या गटात गेलं. वेळापत्रक चॅटबॉटकडून करून घ्यायला हरकत नाही, पण त्याचे वेळापत्रकातले दिवस फार भरगच्च असतात. तू त्यातलं एक तृतीयांश काढून टाक. चौथ्या आठवड्यापासून आठवड्याला निदान एक पूर्ण पेपर तीन तास बसून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून लिही. शेवटच्या आठवड्यात चॅटबॉटला नवं काही विचारू नकोस. त्या दिवसांत नवी माहिती मिळाली की आहे तेही डळमळायला लागतं.

वर्षभराच्या नोट्स टाकून देऊ नकोस. प्रत्येक पानावरून तीन-चार प्रश्न काढ. प्रश्न वहीत राहू देत, नोट्स कपाटात. उत्तर लिहून झाल्यावर तपासण्यापुरत्याच त्या बाहेर काढ, आणि शंका आली तर पुस्तकाशी ताडून बघ.

राहिला लबाडीचा प्रश्न. स्वतःच्या तयारीसाठी कोणाकडून प्रश्न विचारून घेणं, चुका दाखवून घेणं ही लबाडी नाही. मैत्रिणीने किंवा मोठ्या भावाने हेच केलं असतं तर तुला हा प्रश्न पडला नसता. दुसऱ्याचं लिहिलेलं स्वतःचं म्हणून देणं ही लबाडी, आणि ती परीक्षागृहात जितकी, तितकीच घरी लिहून द्यायच्या प्रकल्पातही. त्या प्रकल्पांसाठी तुझ्या महाविद्यालयाचा काय नियम आहे ते आधी वाच. काही ठिकाणी चॅटबॉटचा वापर पूर्ण बंद असतो, काही ठिकाणी उल्लेख करून चालतो. नियम स्पष्ट नसेल तर शिक्षकांना लिहायला बसण्याआधीच विचार, आणि परवानगी मिळाली तर कशासाठी किती मदत घेतलीस ते प्रकल्पाच्या शेवटी दोन ओळींत नोंदव.